इंग्रजी वाक्यं जपानीत कशी म्हणायची? (फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांसाठी मदत हवी)

सुमेधा_कोथरूड

नमस्कार मंडळी,

मुलाच्या ऑफिसातली एक जपानी मुलगी पुढच्या महिन्यात आमच्याकडे दहा दिवस राहायला येतेय. हॉटेल नको, घरात राहायचंय, ही तिचीच इच्छा. तिला इंग्रजी बेताचं येतं आणि मराठी अर्थातच नाही. माझं जपानी म्हणजे निवृत्तीनंतर लावलेला क्लास आणि काठावर पास झालेली एन-५ (जपानीची सगळ्यात सोपी परीक्षा).

रोज लागणारी वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजवर लावावीत असं ठरवलंय. यादी तयार आहे: हाउ आर यू, टेक केअर, गुड लक, प्लीज, नो थँक्स, हॅव अ नाइस डे, वी विल मिस यू. ॲपला विचारलं तर एकेकाची तीन-तीन उत्तरं येतात आणि कुठलं कुणाला म्हणायचं ते कळत नाही. क्लासच्या सेन्सेई सुट्टीवर आहेत. जाणकारांनी सांगावं.

नाशिकची_मिसळ

ताई, 'हॅव अ नाइस डे' मराठीत तरी कधी म्हणालात का कुणाला? आमच्या मातोश्री दारात 'डबा घेतलास का' एवढंच म्हणतात. त्याचं जपानी शोधा, जास्त उपयोगी पडेल.

तोक्यो_वडापाव

११ वर्षं इकडे आहे, निशिकासाईत. तुमच्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यावर मी एकदा तरी आपटलोय, त्यामुळे हक्काने लिहितो.

टेक केअर: ॲप 'ओदाइजी नि' देईल. ते फक्त आजारी माणसाला म्हणतात, दवाखान्यातून बाहेर पडताना काउंटरवरची बाई म्हणते ते. मी पहिल्या वर्षी सुट्टीला निघालेल्या धडधाकट साहेबांना म्हणालो होतो. ते दोन सेकंद थबकले, 'हो हो' म्हणाले आणि गेले. शेजारच्या बाईंनी मग हळूच सांगितलं. निघणाऱ्याला 'की ओ त्सुकेते' म्हणायचं, म्हणजे आपलं 'सांभाळून जा'.

गुड लक: 'गाम्बात्ते'. यात नशिबाचा काही संबंध नाही, 'जोर लाव' असा अर्थ आहे. परीक्षेला निघालेल्या पोराला चालतं. लॉटरीचं तिकीट काढणाऱ्याला म्हणालात तर हसतील.

हाउ आर यू: पुस्तकातलं 'ओगेन्की देस का' रोज सकाळी विचारू नका. ते बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसासाठी. रोज भेटणाऱ्याशी हवेबद्दल बोलायचं. 'अत्सुइ देस ने', म्हणजे 'उकडतंय ना'. समोरचाही 'अत्सुइ देस ने' म्हणतो आणि संभाषण संपतं. मला हे फार आवडतं.

घारे_डोळे

'उकडतंय ना' एवढ्यावर माझं आणि शेजाऱ्यांचं वीस वर्षं चाललंय. आम्ही जपानीच म्हणायचो की.

शब्दच्छल

सुमेधाताई, तुमची यादीच चुकली आहे (राग मानू नका). तुम्ही मनात मराठी, कागदावर इंग्रजी आणि तोंडात जपानी अशी तीन गाड्या बदलून जाताय. मधलं स्टेशन गाळा. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम दोन्हीकडे सारखा, विभक्तीसारखे प्रत्यय दोन्हीकडे नामाच्या मागे. पण खरी गंमत क्रियापदांच्या जोड्यांत आहे.

'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे पाहणे. 'ताबेते मिरु' म्हणजे काय? खाऊन पाहणे! डोळ्यांनी पाहणे नाही, आपण म्हणतो तेच, चव घेऊन बघणे. 'काइते' म्हणजे लिहून, 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'काइते ओकु': लिहून ठेवणे. 'काइते आगेरु': लिहून देणे. 'ताबेते शिमाउ': खाऊन टाकणे, 'अरेरे, संपवलं की सगळं' या सुरासकट. इंग्रजीत यातलं एकही शब्दाला शब्द बसत नाही, तिथे 'ट्राय' वगैरे आणावं लागतं.

'आय हॅव अ हेडेक' म्हटलं की विद्यार्थी 'हॅव'ला शब्द शोधत बसतात. जपानीत 'आतामा गा इताइ'. डोकं दुखतंय. संपलं. 'निहोंगो गा वाकारु', (मला) जपानी कळतं. कळणारी गोष्ट पुढे आणि माणूस मागे, अगदी आपल्यासारखं.

आता दारातली चिठ्ठी. जपानी माणूस घरातून निघताना 'इत्तेकिमास' म्हणतो. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येतो. घरातले म्हणतात 'इत्तेराश्शाइ', म्हणजे जाऊन या. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हटलं की आजी ओरडायची ना? तेच. 'हॅव अ नाइस डे' फाडून टाका आणि तिथे हे लावा.

सुमेधा_कोथरूड

अगं बाई! 'इत्तेकिमास' मी दोन वर्षं पाठ म्हणतेय, पण फोड करून कधी पाहिलीच नव्हती. चिठ्ठी फाडली.

वाचनमात्र_१

पहिल्यांदाच लिहितोय. शब्दच्छल यांचा प्रतिसाद साठवून ठेवला. ('काइते ओकु' बरोबर ना?)

आडवा_तिडवा

एवढा कीस कशाला पाडायचा? फोन समोर धरायचा, इंग्रजीत बोलायचं, तो जपानीत बोलतो. जग कुठे चाललंय आणि आपण फ्रिजवर चिठ्ठ्या लावतोय.

तोक्यो_वडापाव

@आडवा_तिडवा, २०१९ मध्ये ओसाकाच्या मेट्रोच्या संकेतस्थळावर यंत्राने केलेली इंग्रजी भाषांतरं होती. 'साकाइसुजि' नावाच्या मार्गाचं इंग्रजी झालं 'साकाइ मसल', कारण 'सुजि'च्या अक्षराचा एक अर्थ स्नायू असाही आहे. पानं बंद ठेवायची वेळ आली. यंत्रं तेव्हापासून सुधारलीत, मान्य. पण समोर कोण बसलंय, मोठं की लहान, आजारी की सुट्टीवर निघालेलं, हे त्या फोनला कोण सांगणार?

आडवा_तिडवा

बरं. स्नायूची गाडी आवडली. पण मुद्दा सोडलेला नाही.

दुभाषी_चाकण

थोडं विरजण घालते. कारखान्यांत दुभाषी म्हणून काम करते, रोजचीच रोजीरोटी आहे. शब्दच्छल म्हणतात ते व्याकरणापुरतं खरं, पण मराठीवर फार विसंबलात की मानापमानात माती खाल.

माझी पहिली नोकरी. बाहेरच्या कंपनीतून फोन आला, आमचे तानाका साहेब हवे होते. मी आपल्या संस्कारांनुसार 'तानाका-सान जागेवर नाहीत' असं, क्रियापदालाही भरपूर मान लावून सांगितलं. आपण नाही का म्हणत, 'साहेब बाहेर गेलेत'? फोन ठेवला तर मागे सिनियर बाई कपाळाला हात लावून उभ्या. बाहेरच्यांशी बोलताना आपल्या माणसाला मान द्यायचा नाही. नुसतं 'तानाका', तोही नम्र क्रियापदाने खाली आणून. साहेब कितीही मोठे असोत! मराठी मनाला हे इतकं जड जातं की अजूनही बोलताना पोटात गोळा येतो.

आईचंही तसंच. स्वतःची आई परक्यांसमोर 'हाहा', दुसऱ्याची आई 'ओकासान'. वडील 'चिचि'. (हसून घ्या, मग पुढे वाचा.)

आणखी एक. 'यू'चं भाषांतर 'आनाता' असं क्लासात शिकवतात. पाहुणीला 'आनाता' म्हणू नका, आडनावाला 'सान' लावा. 'आनाता' जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याला हाक मारताना म्हणतात.

नाशिकची_मिसळ

म्हणजे 'अहो'!! ताई, पाहुण्या मुलीला 'अहो' म्हणता म्हणता वाचलात.

दुभाषी_चाकण

अगदी 'अहो'. इतका नेमका प्रतिशब्द मला कुठल्याही कोशात मिळाला नाही.

शब्दच्छल

@दुभाषी_चाकण, आतले-बाहेरचे हा मुद्दा मान्य, तिथे मराठी कामाची नाही. पण 'माझं म्हणणं व्याकरणापुरतंच' हे नामंजूर. 'प्लीज' घ्या. मराठीत 'कृपया' फक्त रेल्वे आणि बँका म्हणतात. घरात आपण काहीतरी मागताना 'द्या ना' म्हणतो आणि पुढे करताना 'घ्या ना' म्हणतो. जपानीतही मागताना 'कुदासाइ' आणि पुढे करताना 'दोझो'. इंग्रजीतून येणारा माणूस दोन्हीकडे प्लीज म्हणून मोकळा होतो आणि ताट पुढे करत 'कुदासाइ' म्हणतो, म्हणजे वाढतावाढताच मागतो. शिवाय तो वाक्याच्या शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'ना', आणि 'यो' म्हणजे साधारण 'बरं का'. नुसती क्रियापदं नाहीत, बोलण्याची लकब जुळते.

दुभाषी_चाकण

'साधारण' म्हणालात म्हणून सोडते. 'यो' साहेबांसमोर जपून, 'बरं का' पेक्षा जास्त टोचतो.

कोल्हापुरी_ठसका

आमचा एकच प्रश्न. 'नाद खुळा' ला जपानीत काय म्हंत्यात? फ्रिजवर त्ये पण पायजे.

तोक्यो_वडापाव

'याबाइ'. मूळ अर्थ धोक्याचं, वाईट. आता तरणी पोरं रामेन आवडलं तरी याबाइ, परीक्षा बुडाली तरी याबाइ. आपलं 'खतरनाक' कसं झालं तसंच.

कोल्हापुरी_ठसका

मंजे 'जाळ'. कळलं. याबाइ धागा हाय.

घारे_डोळे

थोडं अवांतर. पावसाचं कुणी लिहिलंच नाही! इंग्रजीतला तो कुत्र्या-मांजरांचा पाऊस जपानीत 'दोशाबुरि', लिहिताना माती आणि वाळूची अक्षरं घालतात. पण खरी मजा ध्वनींची. 'झाझा' पडतो तो धो धो, 'शितोशितो' पडतो तो संथ, बारीक, आपल्या झिमझिमीच्या जवळचा. ढग 'गोरोगोरो' करतात (आणि रविवारी दुपारी लोळणारा नवराही गोरोगोरोच करतो, शब्द तोच). छातीत 'दोकिदोकि' म्हणजे धडधड. चकचकीत ते 'पिकापिका'. हात चिकट झाले की 'बेताबेता'. पोटात कावळे ओरडत असले की 'पेकोपेको'. चिकचिक, लखलख, लुसलुशीत अशा शब्दांवर वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, नुसतं ऐकवावं लागतं. माझी मुलगी जपानीच्या इतर सगळ्या पेपरांत रडते, यात पैकीच्या पैकी.

वाचनमात्र_१

च च्या उच्चाराचंही आहे ना? 'चूल', 'चमचा' मधला च म्हणजे जवळपास 'त्सु'मधला त्स. हिंदीवाले मित्र क्लासात 'सुनामी' म्हणत राहायचे, मी पहिल्या दिवसापासून चुलीच्या च ने म्हणालो. सेन्सेईंनी कौतुक केलं. आयुष्यात चुलीचा हा एवढाच उपयोग झाला.

तोक्यो_वडापाव

उच्चाराचा माज करू नका. 'ब्योइन' म्हणजे हॉस्पिटल, 'बियोइन' म्हणजे ब्यूटी पार्लर. बायकोला ताप भरलेला असताना मी टॅक्सीवाल्याला पार्लरला न्या म्हणालो. त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. 'ओबासान' मावशी-काकू आणि 'ओबाआसान' आजी यांची गफलत केलीत तर मात्र लोक बोलतात.

आडवा_तिडवा

मग मी इंग्रजी शब्दच वापरतो की. जपानीत ढीगभर इंग्रजी शब्द आहेत म्हणे.

दुभाषी_चाकण

आहेत, पण माणसं बदललेली आहेत. 'मान्शोन' म्हणजे साधा सोसायटीतला फ्लॅट. माझ्या ओळखीच्या एकाने घरी कळवलं होतं की कंपनीने मॅन्शन दिलंय. सासरे बघायला गेले तर दोन खोल्या. 'कोन्सेन्तो' म्हणजे भिंतीतला प्लग. 'बाइकिंगु' म्हणजे बुफे. 'कान्निंगु' म्हणजे परीक्षेतली कॉपी, आणि हसू नका, 'कॉपी केली' हेही इंग्रज माणसाला कळत नाही. हॉटेलवाला ताटली ठेवून 'साबिसु' म्हणाला तर ती फुकट आहे, बिल मागवू नका.

नाशिकची_मिसळ

शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला माझ्याकडून एक मिसळ साबिसु.

सुमेधा_कोथरूड

मंडळी, धागा कुठच्या कुठे गेलाय पण मजा येतेय. 'नो थँक्स' आणि 'मिस यू' राहिलंय माझं.

तोक्यो_वडापाव

मिस यू: मराठीत तरी कुठे आहे? 'तुझी आठवण येते' म्हणतो आपण. जपानीत 'आइताइ', भेटावंसं वाटतं. निरोप देताना 'साबिशिकु नारिमास', म्हणजे तुम्ही गेल्यावर सुनंसुनं होईल. हेच लिहा चिठ्ठीवर.

नकार हा वेगळा धागा होईल. इथे 'नाही' कुणी म्हणत नाही. 'चोत्तो...' म्हणजे 'जरा...' म्हणून वाक्य हवेत सोडतात. ऑफिसात 'केन्तो शिमास' (विचार करतो) आलं की बहुतेक वेळा फाइल कायमची झोपली. ओसाकाकडचे लोक 'इकेतारा इकु' म्हणतात, म्हणजे जमलं तर येतो. त्याच्यासाठी खुर्ची ठेवायची नाही हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं.

घारे_डोळे

'जमलं तर येतो', 'बघू', 'कळवतो'. आमच्या अख्ख्या सदाशिव पेठेला ओसाकाचं नागरिकत्व द्या.

शब्दच्छल

सदाशिव पेठेला क्योतो द्या. तिथे पाहुण्याला 'बुबुझुके घेता का' (चहा ओतलेला भात) असं विचारलं तर ती उठायची खूण, अशी दंतकथा आहे. क्योतोकर म्हणतात असं कुणी करत नाही. पुण्यातही 'जेवूनच आला असाल' असं कुणी म्हणत नाहीच.

वाचनमात्र_१

आणि 'आय लव्ह यू'? (चिठ्ठीसाठी नाही. माझ्यासाठी.)

शब्दच्छल

कोशात 'आइ शितेरु' आहे, पण प्रत्यक्षात फार क्वचित म्हणतात, 'सुकि देस' (आवडतेस) वर काम भागतं. एक गोष्ट सगळीकडे फिरते: लेखक नात्सुमे सोसेकि इंग्रजी शिकवत असताना एका विद्यार्थ्याने या वाक्याचं शब्दशः भाषांतर केलं, तेव्हा ते म्हणाले, 'आज चंद्र सुंदर आहे ना, असं लिही'. सोसेकि इंग्रजीचे शिक्षक होते, १९०० ते १९०२ लंडनला होते, १९८४ पासून हजार येनच्या नोटेवर त्यांचा चेहरा होता, हे सगळं खरं. पण हा किस्सा त्यांच्या लिखाणात कुठेच सापडत नाही. तरी जपानी माणसाला चंद्राचं वाक्य बोलून पाहा, बहुतेकांना अर्थ कळतो. खोट्या किश्शाने खरा वाक्प्रचार जन्माला घातला.

नाशिकची_मिसळ

@वाचनमात्र_१, अमावस्या बघून जाऊ नका.

दुभाषी_चाकण

जाता जाता म्हणींचं एक. 'उमा नो मिमि नि नेम्बुत्सु', घोड्याच्या कानात नामजप. आमच्या एका जपानी इंजिनिअरने मीटिंगमध्ये वैतागून म्हटलं आणि मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. गाढवापुढे वाचली गीता. पलीकडचे सगळे मराठी सुपरवायझर एकदम हसले, तो चकितच झाला. इंग्रजीतून गेले असते तर पाच मिनिटं समजावत बसले असते. हां, तेवढ्यापुरतं शब्दच्छल यांचं ऐकलं.

शब्दच्छल

तारीख लिहून ठेवतो.

*(पाच आठवड्यांनी)*

सुमेधा_कोथरूड

धागा वर काढतेय. पाहुणी येऊन गेली! सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं.

चिठ्ठ्यांपैकी निम्म्या पहिल्याच दिवशी पंख्याने उडवल्या. 'अत्सुइ देस ने' मात्र दहा दिवस पुरलं. 'दोझो' आणि 'कुदासाइ' एकदाही चुकले नाही. संध्याकाळी ती ऑफिसातून आली की मी 'ओत्सुकारेसामा' म्हणायचे. 'त्सुकारे' म्हणजे थकवा हे कळल्यावर ते मला 'दमलीस गं' सारखंच वाटायला लागलं.

फजिती झाली ती पुरणपोळीच्या दिवशी. मी विचारलं, 'ओकावारि?' अजून वाढू का? ती म्हणाली, 'दाइजोबु देस'. क्लासात दाइजोबु म्हणजे 'ठीक आहे' असं शिकलेले. वाढली. पुन्हा विचारलं, पुन्हा दाइजोबु, पुन्हा वाढली, वर तूप. तिचा नियम, पानात काही टाकायचं नाही. माझा नियम, पान रिकामं दिसता कामा नये. चौथ्या पोळीला तिचा चेहरा बघून चिरंजीव किंचाळले, 'आई, दाइजोबु म्हणजे नको!' तुम्ही नकाराची एवढी पारायणं केलीत आणि हे एक कुणी सांगितलं नाही!!

तोक्यो_वडापाव

माफ करा ताई. 'राहू दे, असू दे' मधला 'असू दे' तो. इतका रोजचा आहे की लिहायचं सुचलंच नाही.

कोल्हापुरी_ठसका

चार पुरणपोळ्या तुपासंगट. पोरगी याबाइ हाय.

सुमेधा_कोथरूड

निघायच्या दिवशी 'साबिशिकु नारिमास' घोकून ठेवलं होतं. कॅब आली, सामान चढलं, आणि दारात ऐन वेळी काही आठवेना. सवयीने तोंडातून निघालं 'इत्तेराश्शाइ'. ती थांबली. मग वाकून 'इत्तेकिमास' म्हणाली आणि गाडीत बसली.

शब्दच्छल

काटेकोरपणे पाहिलं तर पाहुण्याला इत्तेराश्शाइ म्हणत नाहीत. ते त्याच घरात परत येणाऱ्या माणसासाठी असतं.

नाशिकची_मिसळ

शब्दच्छल, ओत्सुकारेसामा. बसा आता, चहा घ्या. की जेवूनच आलात?